बुधवारची गोळी ताना बाईची होती

दौलतभाऊ, तुमच्यावर अन्याय झाला तो मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता, आपल्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत. तुम्ही तिथे नव्हता. शुक्रवारी सकाळीच तुम्ही गेला होता. मृत्यूच्या नोंदीच्या अर्जात 'मृत्यूचे कारण' असा रकाना असतो. ग्रामसेवकांनी मान वर न करता त्यात लिहिलं: वृद्धापकाळ.

माझ्या पिशवीत चंद्रपूरच्या दवाखान्याचा कागद होता. रक्तदाब फार वाढून मेंदूत रक्तस्राव झाला, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. मी तो टेबलावर ठेवला. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, माणूस घरी वारला, मग घरचे सांगतील ते कारण. आणि सत्तरीच्या माणसाला आणखी काय लिहायचं असतं? मग मी आवाज चढवला. माझा चढलेला आवाज तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणायचे, तुह्या मायनं तुह्या गळ्यात भोंगा बसवून पाठवलं वाट्टे. पण भागरथाबाईंनी माझा हात खाली ओढला.

"लिहू दे माय, काय लिहाचं हाय ते. मले घरी जाऊ दे."

आणि तुमच्या बायकोनं, जिला तुम्हीच चुलीपुढे बसवून राखेत बोट फिरवत सही शिकवली, तिनं वृद्धापकाळाच्या खाली सही केली. दोन वर्षं या तालुक्यात संघटनेची पत्रकं वाटतेय, मोर्चात बोलतेय, आणि एका रकान्यापुढे माझं काही चाललं नाही.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. माणसं आली, वंदना झाली, जेवली, गेली. आता मी माझ्या खोलीत आहे. तुमच्या घराची अर्धी बाजू तुम्ही मला भाड्यानं राहायला दिली. मधली भिंत कुडाची, तीही वरपर्यंत न गेलेली. त्या भिंतीला मी किती शिव्या घातल्या. तुमचा खोकला यायचा, रेडिओ यायचा, तुमचं आणि भागरथाबाईंचं मिठावरून भांडण यायचं. मी पत्रक लिहून मोठ्यानं वाचलं की पलीकडून तुमचा शेरा यायचा. बरं असलं तर "पुढं?" लांबलं तर "झोप येऊन राह्यली पोरी." संघटनेत चार शिकलेली माणसं मजकूर तपासतात, पण माझं पत्रक खरं पास व्हायचं ते त्या भिंतीतून. आत्ता वरचा मजकूर मी मोठ्यानं वाचला. पलीकडे भागरथाबाई जाग्या आहेत, भांडं हलल्याचा आवाज येतो. पण कोणी काही म्हणत नाही. पत्रक वाईट झालं की चांगलं, हे आता मला कोण सांगणार?

झालं काय, ते नीट लिहिते. तुम्हाला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना माहीत नाही.

हे सुरू झालं रोवण्यात. आषाढात आपल्या गावात ज्याची कंबर वाकते तो प्रत्येक माणूस बांधीत, गुडघाभर चिखलात धान रोवत असतो. आणि सरकारी दवाखान्याची गोळ्यांची गाडी येते पंधरा दिवसांतून एका गुरुवारी, साडेदहाला, शाळेच्या वऱ्हांड्यात. बाराला निघून जाते. ही वेळ कोणी ठरवली देव जाणे. ठरवणाऱ्यानं धान फक्त ताटात पाहिलं असणार. भागरथाबाई रोवण्याला गेलेल्या. समोरच्या तारेच्या कुंपणापलीकडची ताना बाई, तिचे गुडघे असे की उंबरा ओलांडायला ती आधी भिंतीला विचारते. उरलात तुम्ही. तुम्ही गावचे पाणकर, तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी जाईल ते बघणारे, आणि पाऊस चालू असताना पाणकराला काम नसतं. म्हणून तुम्ही गेलात. दंडाला पट्टा बांधून घेतलात, पंधरा गोळ्या घेतल्यात, आणि म्हणालात, घरचीले आन ताना बाईले बी हेच दुखनं हाय, मागच्या सालच्या शिबिरात नाव चढलं हाय, त्यायच्या बी द्या.

उत्तर मिळालं, माणूस आणा, गोळी न्या.

नियम चूक नाही. न तपासता गोळी द्यायची नसते. पण रोवण्यातून बाई आणि खाटेवरून म्हातारी शाळेपर्यंत आणायची कशी, हे त्या नियमात कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या खेपेला तुम्ही पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग तुम्ही विचारणं सोडलं, घरी आलात, आणि चाळीस वर्षं जे करत आलात तेच केलं. पाणी कमी, बांध्या जास्त. तुम्ही पाळी लावली.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात एक अक्षर. दौ, भा, ता. दौ, भा, ता. माझ्याच पोस्टरच्या लाल मार्करनं. गोळ्यांचं पाकीट कात्रीनं कापून एकेक गोळी सुटी केलेली, चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवलेली. रोज सकाळी ज्याची पाळी त्याला एक. ताना बाईची असली की तुम्ही स्वतः कुंपणापलीकडे नेऊन द्यायचे. मी विचारलं हे काय, तर तुम्ही मला शहाणं करावं तसं सांगितलं.

"तलावात पानी कमी राह्यलं तं का करतो आपुन? एकाची बांधी भरून दोघायची वाळवतो का? पारी लावतो. तिसऱ्या दिवशी पानी भेटलं तरी धान जगते."

आणि मी काय केलं, दौलतभाऊ? मी मोबाइल काढला आणि कॅलेंडरचा फोटो घेतला. संघटनेच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'वाटून खाणं शिकावं तर या गावाकडून.' पुष्कळ अंगठे आले. कोणीतरी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. एकानंही विचारलं नाही की ही गोळी रोजची ना? मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माझे बाबा माजरीला कोळशाच्या खाणीत होते, निवृत्त झाले, ते रोज सकाळी ही गोळी घेतात हे मी लहानपणापासून बघते आहे. मला माहीत होतं. पण फोटो चांगला आला होता.

रक्तदाबाची गोळी धानासारखी नसते. तिला तिसरा दिवस चालत नाही. बरं वाटत असलं तरी रोज घ्यावी लागते, कारण हे दुखणं दुखत नाही. ते आतल्या आत नळ्या ताणत बसतं आणि एक दिवस फोडतं. हे चार वाक्यांचं पत्रक आहे. मला लिहायला एक सकाळ पुरली असती.

आणि तुम्ही ते मागितलं होतं. हाच आपला अर्धवट राहिलेला तंटा. तुम्ही खळ शिजवायचे, मी कागद चिकटवायची, आणि प्रत्येक वेळी तुमचं तेच. तुमची सारी पत्रकं जवानायची, खदान, रोड, नोकरी. एखादा कागद म्हाताऱ्यायचा काढ. गोळीची गाडी दुसऱ्या टायमाले आना म्हनून काढ. मी म्हणायची, भाऊ, आधी खाणीचं होऊ द्या, जमीनच गेली तर म्हातारे राहतील कुठे? मला ते फार बिनतोड वाटायचं. एकदा तुम्ही खळीत काडी फिरवत म्हणालात, "म्हातारा मेला तं लोक म्हन्ते, पिकलं पान होतं. पान पिकते, मान्य हाय. पन गळलं का कोनी तोडलं, हे तं पाहात जा." मी हसले. वहीत लिहून घेतलं, पुढे कुठेतरी वापरता येईल म्हणून. तुमच्यासाठी नाही, भाऊ. वाक्य चांगलं होतं म्हणून.

तो बुधवार. मी दुसऱ्या गावात बैठकीला होते, मोबाइलला रेंज नव्हती. भागरथाबाईंनी चहा दिला, तो तुमच्या डाव्या हातातून सुटला. तोंड एका बाजूला गेलं. तुम्ही काहीतरी म्हणालात, ते शब्दच नव्हते. गाव गोळा झालं. लकवा मारला म्हणाले, आणि कोणीतरी कबुतर आणायला धावलं, कारण लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात. कबुतर शोधण्यात सकाळ गेली. मी पोहोचले तेव्हा तुमचा अर्धा चेहरा रक्तानं माखलेला होता आणि उरलेला अर्धा माझ्याकडे बघत होता. तुम्ही मला ओळखलं होतं. मी फोन केला. रपट्यावरून पाणी होतं म्हणून ॲम्ब्युलन्स नाल्यापलीकडे थांबली; तुम्हाला खाटेवर घालून चौघांनी नाला पार केला. आधी तालुक्याला, तिथून चंद्रपूर.

चंद्रपूरची डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिनं विचारलं, गोळी कोणती चालू आहे, शेवटची कधी घेतली? भागरथाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. शाळेत पाढा म्हणावा तशा त्या म्हणाल्या, "सोमवारची त्यायची होती. मंगळवारची माही. आज बुधवार, आजची ताना बाईची."

डॉक्टरनं पुन्हा विचारलं. भागरथाबाईंनी पुन्हा तेच सांगितलं, जरा अभिमानानंच, की आम्ही कोणाची बुडवली नाही. डॉक्टर लिहायची थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती, तर मला कुठेतरी बरं वाटलं असतं.

पुढे नागपूर म्हणाले, आणि नेऊनही फार आशा नाही म्हणाले. भागरथाबाई म्हणाल्या, घरी न्या. गुरुवारी संध्याकाळी तुम्हाला घरी आणलं. सिरोंच्याकडून तुमची लेक निघाली होती, पुराच्या पाण्यात बस अडकली. ती पोहोचली तेव्हा तुम्ही नव्हता. शेवटच्या सकाळी तुमच्या उशाला आम्ही तिघीच: तुमची बायको, कुंपण धरत धरत कशी कोण जाणे येऊन बसलेली ताना बाई, आणि ही भाड्याची पोरगी. तुमचा उजवा हात हलत होता. तुम्ही काही मागत होता की काही दाखवत होता, मला कळलं नाही. आमच्यातल्या कोणालाच कळलं नाही. तो हात मला रोज आठवतो.

आता एक दुरुस्ती. पहिल्या ओळीत मी अन्यायाची वेळ चुकीची लिहिली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, गाव सकाळी रोगराई हाकलत शिवेपर्यंत ओरडत जातं, घेऊन जा गे मारबत. खासी-खोकला घेऊन जा, ताप-हिवताप घेऊन जा, ढेकूण-डास घेऊन जा. तुमचं घर दीक्षेच्या सालापासून असल्या गोष्टी मानत नाही, पण शिवेपर्यंत फिरायला आणि टवाळी करायला तुम्ही जायचेच. यंदा तुम्ही मागून ओरडलात, बीपीले बी घेऊन जा गे मारबत. पोरं खिदळली. एक आजीबाई म्हणाली, हे कोनतं भूत नवीन? परत येताना तुम्ही रपट्यावर बसलात. म्हणालात, डोक्सं भनभन करून राह्यलं, मानेमागं दुखते. आणि मी, जी सरकारला, कंपनीला, तहसीलदाराला जाब विचारते, ती म्हणाले, "वय झालं भाऊ आता. चालायचंच."

तर रकाना तिथे भरला गेला, पाडव्याला, रपट्यावर, माझ्या तोंडानं. ग्रामसेवकानं मंगळवारी नुसती नक्कल केली. मी त्याच्यावर इतकी ओरडले ते बहुधा म्हणूनच.

मंगळवारी रात्री मी बाबांना माजरीला फोन लावला. आम्ही महिन्यातून एकदा बोलतो, तेही बहुतेक गॅस सिलेंडरवर. मी विचारलं, गोळी घेता ना? ते घाबरले. काऊन, काही झालं का? मग म्हणाले, बरं वाटून राह्यलं म्हणून दोन महिन्यांपासून बंद केली. आई गेल्यापासून त्या घरात त्यांना विचारणारं कोणी नाही. विचारणारी मी, आणि मी इथे गावाची काळजी करून राहिले आहे.

कचेरीतून परतल्यावर मी ताना बाईकडे गेले होते. ग्रामसेवकांच्या नोंदवहीची मागची पानं मी पाहिली होती. साठीच्या पुढच्या जवळपास सगळ्यांपुढे तोच एक शब्द. मी एकेक नाव घेतलं आणि ताना बाई खाटेवर पडल्या पडल्या सांगत गेली. तो? तो तेंदूपत्त्याच्या दिवसांत उन्हानं, पुडके बांधता बांधता पडला. ती विहिरीवर घसरली, मांडीचं हाड मोडलं, चार महिने खाटेवर होती, पाठ सडली. त्याले साखर होती, पायाची जखम कोनाले दाखवली नाई. तिचा श्वास चुलीच्या धुरानं गेला, शेवटी बसूनच झोपे. माहा घरवाला? छातीत दुखते म्हने, आम्ही वाताचं तेल लावलं. हे सगळं तिला पाठ होतं. गावाची खरी मृत्यूची नोंदवही त्या खाटेवर पडून आहे, आणि तिला कोणी विचारलेलं नाही. म्हातारपणानं यातलं एकही माणूस गेलं नव्हतं, दौलतभाऊ. म्हातारपणात गेली होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मग मी तिला विचारलं, तुझी गोळी? डबी तिच्याकडेच होती. भागरथाबाईंनी तिला देऊन टाकली आहे, त्यांना ती डोळ्यांपुढे नको. डबीत सुट्या गोळ्या तशाच. त्या बुधवारनंतर दोघींनीही एकही घेतलेली नाही. ताना बाई म्हणाली, त्या दिवशी सकाळी म्या घेतली. माही पारी होती म्हनून घेतली. मले का मालूम त्यायले त्या दिवशीच लागन.

"म्या त्यायची गोळी खाल्ली, माय. आता मले कायची गोळी?"

मी तिला सांगितलं की एका गोळीनं तुम्ही वाचला नसता. रोजच्या सगळ्या गोळ्या लागत होत्या, तुम्हालाही, तिलाही. तिनं ऐकलं की नाही ठाऊक नाही. तुम्ही असता तर तुम्ही कुंपणाशी उभे राहून चार शिव्या हासडल्या असत्या आणि तिनं मुकाट घेतली असती. माझ्या शिव्यांना ते वजन नाही. मला तुमची इतकी गरज कधी पडली नव्हती, आणि नेमकी आत्ता पडली. रोज तिच्याकडे जाते, ती रोज भिंतीकडे तोंड करते. भागरथाबाई म्हणतात, ताना घेईन तं मी घेतो. तुमची पाळी अजून चालूच आहे, फक्त आता कोणीच घेत नाही अशी.

मी म्हटलं, गुरुवारी गाडी येते, आम्ही चौघं तुला खाटेवर घालून शाळेपर्यंत नेतो. तपासतील, तुझ्या स्वतःच्या गोळ्या देतील, रोजच्या, कोणाच्या वाट्याच्या नाहीत. तेव्हा पहिल्यांदा ती उठून बसली. म्हणाली, खाटेवर तं मुडदा नेते. दौलतभाऊले नेलं. मी एकटी नाई जात गावातून तशी, लोक काय म्हनन, ताना गेली? मग म्हणाली, बाकीचे म्हातारे येत असन, तं मी येतो.

भाऊ, तुम्ही मागितलेला कागद हाच. उशीर झाला. तुम्हाला उद्देशून लिहिला, पण छापून दारोदार लावणार आहे; खळ मी शिजवली, तिच्या गाठी झाल्या आहेत. पुढचं तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी आहे.

धानाचं निंदण चालू आहे, मजुरीचा रोज बुडेल, मला माहीत आहे. एक रोज बुडवा. येत्या गुरुवारी साडेदहाच्या आत तुमच्या घरातल्या म्हाताऱ्याला, म्हातारीला शाळेच्या वऱ्हांड्यात आणा. चालता येत असेल तर चालवत, नाहीतर मोटरसायकलवर, पाठीवर, खाटेवर. दंडाला पट्टा बांधून घ्या, साखर बघायला लावा, पायाची जखम दाखवा, खोकला किती दिवसांचा ते सांगा, आणि माणूस समोर आहे तेव्हा त्याची गोळी त्याच्या हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नका. गाडीची वेळ बदलून मागू, पण ती पुढची लढाई आहे. हा गुरुवार आधी. ताना बाईची खाट आम्ही दहाला उचलणार आहोत. ती दारातून बाहेर येईल तेव्हा रस्त्यावर दुसऱ्या खाटा दिसल्या पाहिजेत. तुमची काढा.